मापात पाप

अजय मोठा की अतुल?

धारूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात हा प्रश्न निघाला की चहा गार होतो. एक म्हणतो, "आवाज अजयचा हाय, मग सगळं अजयचंच." दुसरा टेबलावर थाप मारतो, "काय बोलायलास? डोकं अतुलचं हाय." तिसरा दोघांनाही 'बरोबर हाय' म्हणतो. बिल त्या दोघांपैकी कुणीतरी देणार असतं.

पुरावा कुणाकडंच नाही. वाद रंगतो तो त्यामुळंच.

गोगावले बंधूंनी पहिल्यापासून नाव जोडून लावलंय. 'जोगवा'च्या संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही दोघांना मिळून. पण रसिकाला जोडी पचत नाही. जोडी दिसली की त्यानं तराजू काढलाच. भावाभावांत वाटणी झाल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मग ती सात-बाऱ्याची असो की 'सैराट'ची.

आता याच टेबलावर दुसरा प्रश्न टाका. 'जोगवा'तलं ते द्वंद्वगीत, ज्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते लिहिलं कुणी?

शांतता.

"लिहिलं म्हंजे? पिक्चरचं हाय की!"

संजय कृष्णाजी पाटील हे नाव ऐकून तिघंही एकमेकांकडं बघतात. 'नटरंग'चे गुरू ठाकूर सांगितले तर निदान एकजण मान हलवतो. बाकीचे दोघे मोबाईल काढतात. स्टेटस बघायला.

तराजू मात्र खाली ठेवत नाहीत.

हा रोग एकट्या धारूरचा नाही. विलायतेत तर तो हिशोबाच्या वह्या घालून जोपासलेला आहे. तिकडच्या रॉक बँडचे जुने चाहते अल्बममागून अल्बम मांडून बसतात. या तबकडीत याची गाणी किती, त्याची किती, भरतीची कुणाची, दर्जेदार कुणाची. पन्नास वर्षं झाली, बेरीज अजून जुळलेली नाही.

'क्वीन'चंच घ्या. घ्यायलाच हवं, कारण त्यातला एक गडी आपल्याकडं वाढला. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. शाळेतल्या पोरांना घेऊन त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि त्यात पियानो बडवला. पुढं जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणू लागलं. निवडणुकीच्या वर्षात हे कुणाच्या लक्षात येऊ नये, नाहीतर पाचगणीत पुतळ्यावरून दोन गट पडतील.

बँडमध्ये चौघं. चौघंही गाणी लिहिणारे. म्हणजे भांडणाला चार पक्ष.

१९७५ चा त्यांचा गाजलेला अल्बम 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. बारा गाणी. फ्रेडीची पाच, ब्रायन मेची चार, रॉजर टेलरचं एक, जॉन डीकनचं एक. बारावं ब्रिटनचं राष्ट्रगीत. त्यावर मात्र कुणी मालकी सांगितली नाही. राणी हयात होती.

पाच विरुद्ध चार. म्हणजे फ्रेडी मोठा? थांबा. 'बोहेमियन रॅप्सडी' जवळपास सहा मिनिटांचं आहे. ते एक धरायचं की दोन? आणि डीकनचं काय? गडी लिहायचा कमी, पण १९८० साली त्याच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'नं अमेरिकेत पहिला नंबर मारला. आता माप कुठलं लावायचं? एकूण टनेज की साखरेचा उतारा?

आमच्या कारखान्यांना हे अजून नीट जमलेलं नाही. रॉकवाल्यांना कसं जमावं?

खरी मौज तबकडीच्या पाठीवर आहे. त्या काळात सिंगल निघायची. छोटी तबकडी, पुढच्या बाजूला हुकमी गाणं, मागच्या बाजूला दुसरं कुठलंतरी. गिऱ्हाईक पैसे मोजायचं पुढच्या गाण्यासाठी. रॉयल्टी मात्र दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखी! 'बोहेमियन रॅप्सडी' ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मागच्या बाजूला होतं रॉजर टेलरचं गाणं. विषय: एका माणसाचं स्वतःच्या मोटारीवर बसलेलं प्रेम. हेच गाणं मागं यावं म्हणून टेलरनं स्वतःला कपाटात कोंडून घेतलं होतं, अशी कथा सांगतात. बाहेर आला तो थेट रॉयल्टीच्या रांगेत, फ्रेडीच्या शेजारी.

ते मागचं गाणं वाजवलं किती जणांनी, देव जाणे. विकत मात्र सगळ्यांनी घेतलं.

सोसायटीच्या निवडणुकीत याला 'पॅनेलमध्ये निघाला' असं म्हणतात.

या गाण्यांच्या पैशावरून चौघांत कुरबुर चालायची. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून ते शहाणे झाले. गाणं कुणीही लिहो, नाव लावायचं 'क्वीन'. घरातली भांडणं मिटली.

चाहत्यांची सुरू झाली. "ते ठीक आहे हो, पण खरं कुणी लिहिलं?"

बीटल्सवाल्यांनी हा शहाणपणा आधीच केला होता. लेनन आणि मॅकार्टनी या दोन पोरांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं, एकट्यानं लिहिलं तरी नाव दोघांचं. केवढं हे मन! मग २००२ साली, लेननला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर, मॅकार्टनीनं आपल्या एका अल्बमवर जुन्या गाण्यांपुढं क्रम फिरवला. आधी मॅकार्टनी, मग लेनन. लेननच्या पत्नी योको ओनो यांनी हरकत घेतली. एवढ्या पैशांत, एवढ्या कीर्तीत, भांडण कशावरून? लग्नपत्रिकेत आमच्याकडं होतं त्याच्यावरून.

नाव आधी कुणाचं!

आणि तिसरा, जॉर्ज हॅरिसन? या दोघांच्या गर्दीत त्याला अल्बममागे एखाददुसरं गाणं मिळायचं. १९६९ च्या 'ॲबी रोड'मध्ये त्याची दोन आली आणि दोन्ही सोनं निघाली. त्यातल्या एकावर अमेरिकेचा बडा गायक फ्रँक सिनात्रा भलताच खूष होता. म्हणतात, कार्यक्रमात तो ते लेनन-मॅकार्टनीचं गाणं म्हणूनच सांगायचा.

पंगतीत वाढणारा उपाशी म्हणतात तो हाच.

हसू नका. आपल्याकडं हे पेशवाईतच होऊन गेलंय. होनाजी बाळा! आजही दहातल्या नऊ जणांना वाटतं की होनाजी हे नाव आणि बाळा हे वडिलांचं किंवा लाडाचं. अहो, ती दोन माणसं. होनाजी शिलारखाने कवनं रचायचा, बाळा करंजकर गायचा. फडाचं नाव जोडीचं. लिव्हरपूलच्या पोरांच्या दीडशे वर्षं आधी आपल्याकडं लेनन-मॅकार्टनी होऊन गेले.

आपण काय केलं? दोघांचा मिळून एक माणूस केला. १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' काढला तो होनाजीवर. बाळा अमर व्हायचा राहिला.

पुण्या-मुंबईचे रसिक इथं घसा खाकरणार. त्यांचा सामना वेगळा. गदिमा की बाबूजी?

'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. धारूर तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. राम अयोध्येचा, रेडिओ पुण्याचा आणि सरकार हैदराबादचं. तरी कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. लोकांना कामं होती.

शब्द मोठे की सूर मोठे, यावर दिवाणखाने आजही दुभंगतात. गदिमावाले म्हणतात, शब्द नसते तर चाल लावली कशाला असती? बाबूजीवाले म्हणतात, चाल नसती तर तुम्ही ते वाचलं असतं का? दोघांचंही म्हणणं बिनतोड. त्यामुळं दोघंही चहा घेऊन घरी जातात आणि पुढच्या रामनवमीला परत येतात. योगायोग असा की दोघांचाही जन्म १९१९ चा. जन्मशताब्दीसुद्धा एकाच वर्षी आली. तिथंही मापच: कुणाचे कार्यक्रम जास्त झाले?

पण ही कल्पना कुणाची? आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची. लाडांचे चाहते कुठल्या बाजूला बसतात?

बसत नाहीत. कारण ते नाहीतच.

मूळ कार्यक्रमात गायलेले माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक? बाबूजी पुढं एकटेच मंचावर सगळी गाणी गाऊ लागले आणि बाकीचे आवाज लोकांच्या कानातून निघून गेले. पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला, चिडलेल्या गदिमांना लाडांनी खोलीत कोंडलं आणि पाव तासात गाणं पुन्हा कागदावर उतरलं, असा किस्सा अजून सांगतात. टेलर आपणहून कपाटात गेला होता. मराठी कवीला दुसऱ्यांनी कोंडावं लागतं. आणि रॉयल्टीचा विषय दाराबाहेर राहतो.

आणखी एक. वर्षाचे आठवडे बावन्न, गाणी मात्र छप्पन्न. त्या वर्षी अधिक महिना पडला म्हणून वरची चार लिहावी लागली. म्हणजे चार गाण्यांचं श्रेय दाते पंचांगवाल्यांना जायला हवं.

कुणी मागितलं नाही. नशीब.

श्रेय नको म्हणणारेही होऊन गेले, आणि रसिकाला तेच सगळ्यात संशयास्पद वाटतात. शांता शेळक्यांनी 'वसंत अवसरे' या नावानं गाणी लिहिली. लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं. १९६५ च्या 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला, आनंदघन यांनी मंचावर यावं असा पुकारा झाला, आणि लताबाई आपल्या खुर्चीत तशाच बसून. शेवटी दुसऱ्यांनीच गुपित फोडलं. नाव जाहीर झालं तेव्हा टाळ्या पडल्या. आज तसं कुणी बसून राहिलं, तर शेजारचा उठून पुरस्कार घेऊन येईल.

चला, राज्यगीताकडं. शासनानं ते २०२३ मध्ये जाहीर केलं. तहसीलपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत ते आता वाजतं आणि आपण ताठ उभे राहतो. गाणं कुणाचं? एका सुरात उत्तर येतं: शाहीर साबळे! बरोबर. गायलं त्यांनीच, आणि काय गायलं! पण लिहिलं राजा बढे यांनी. चाल लावली श्रीनिवास खळे यांनी. त्याच वर्षी शाहिरांवर चित्रपटही आला, संगीत अजय-अतुल. आणि कवीवर चित्रपट?

आधी नाव तर पाठ होऊ द्या.

म्हणून मला त्या विलायती वहीवाल्यांचा आताशा राग येत नाही. छांदिष्ट मंडळी, मान्य. पाच गाणी की चार, यावर आयुष्य घालवतात. पण त्यांनी निदान तबकडीचं वेष्टण उलटून बारीक अक्षर वाचलेलं असतं! आपण न वाचताच निकाल देतो. परीक्षाच घेतली नाही तरी गुणवत्ता यादी तयार.

वाचणार तरी कुठं म्हणा. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ट्रॅक्टरवर स्पीकर चढतात. पेनड्राइव्ह मोबाईलच्या दुकानात भरून मिळतो. आत फोल्डर: 'लग्न मिक्स', 'भक्ती', 'जुनं दर्द', 'नाद खुळा'. फोल्डरच्या आत ट्रॅक ०१ ते ट्रॅक ४००. कवी नाही, संगीतकार नाही, गायकसुद्धा नाही. ड्रायव्हरला नाव विचारलं तर तो आकडा सांगतो. "सत्तावन्न लावू का?"

छप्पन्न झाली की सत्तावन्न येणारच.

तसं बघितलं तर आपल्या जुन्या कवींना हा धोका आधीच कळला होता. छापखाना नाही, वेष्टण नाही, कायदा नाही. मग नाव ठेवायचं कुठं? गाण्याच्या पोटात! शेवटच्या कडव्यात तुका म्हणे, नामा म्हणे. गायचं तर नावासकट गा. वामनदादा कर्डकांनीही भीमगीतांत तेच केलं. शेवटी 'वामन' आला की समजायचं, पावती झाली. चोराला माल नेता येईल, पण मालकाचं नाव घेतल्याशिवाय नाही. कसली बेमालूम तरतूद!

तरी नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा शिरलाच. दोघांचीही मुद्रा 'नामा'. अभ्यासक निवडत बसले, हा अभंग यांचा की त्यांचा. चाहत्यांची वही आपल्याकडं विद्यापीठात ठेवतात, एवढाच फरक.

पैठणच्या एकनाथांनी तर जोडनाव लावलं. एका जनार्दनी. अभंग लिहिणार एकनाथ, नाव देवगिरीच्या जनार्दनस्वामींचंही. गुरूनं मागितलेलं नसताना. टक्केवारी काढायला कुणी धजावलं नाही.

हल्ली गुरूच लावून घेतात. पीएचडीवाल्यांना विचारा.

आणि या सगळ्या तरतुदीचं डीजेनं काय केलं? डीजेला दोन कडवी पुरतात. तिसऱ्यापर्यंत वरात थांबत नाही. तिसऱ्यातच कवीचं नाव. म्हणजे नेमकी पावती फाडून टाकली. वर स्वतःची लावली, तीही सुरुवातीलाच. गाण्याचा पहिला सूर उमटायच्या आत भसाड्या आवाजात घोषणा होते: डीजे अमुकतमुक, किल्ले धारूर! मग मोबाईल नंबर. मग गाणं. मध्ये पुन्हा एकदा, कुणी विसरू नये म्हणून.

कवी शेवटी म्हणायचा, डीजे आधी म्हणतो. मॅकार्टनीला हे कळलं असतं तर योकोबाईंशी वाद घालावा लागला नसता.

कायदा आहे, बरं का. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळून बोलले. त्याआधी चित्रपटाचं गाणं म्हणजे सहसा ठोक रक्कम घ्या आणि चालू लागा. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांना स्वतःलाही सोडून देता येत नाही. उत्तम कायदा. धारूरच्या घाटात ट्रॅक्टर चढताना त्याची अंमलबजावणी कोण करणार?

पोलीस उपनिरीक्षकाला गाणं आवडलं तर तोही थांबून ऐकेल.

किल्ल्याचा विषय निघालाच आहे. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानानं धारूरचा किल्ला उभारला. दोनेक वर्षांत निजामशाहीनं घेतला, आणि किश्वरखान इथंच मारला गेला. पुढं मोगल आले. त्यांना किल्ला आयता मिळाला; नाव मात्र आपलं दिलं, फतेहाबाद. त्या नावानं नाणीही पाडली. म्हणजे रिमिक्स करून सुरुवातीला स्वतःची घोषणा. लोक धारूरच म्हणत राहिले, ते सोडा. गवंडी कोण होता?

हा प्रश्न विचारणारा चाहता अजून जन्मायचाय.

आणि सगळ्यात मोठा अल्बम तर कुणी मोजायलाच घेत नव्हतं. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरल्या. धारूरच्या शेजारच्या माजलगावात, भीमनगरच्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. ओव्या गोळा करणाऱ्या मंडळींनी मात्र काम चोख केलं. बाईचं नाव, गाव, तालुका, सगळं टिपलं. बड्या रेकॉर्ड कंपन्यांना जे जमलं नाही ते वही-पेन्सिलवाल्यांनी केलं.

गाणारीचं नाव मिळालं. रचणारीचं?

ते बाईलाच ठाऊक नसतं. आईकडून आली, आईला आजीकडून, मध्ये कुणीतरी एक ओळ बदलली. इथं पाच विरुद्ध चार कसं करणार? गंगाखेडच्या जनाबाईनं निदान स्वतःचं नाव गुंफलं, तेही 'नामयाची' म्हणून, आधी मालकाचं. ओवीवालीनं तेवढंही केलं नाही. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, गावाचं येतं, पंढरीच्या विठोबाचं तर हटकून येतं. तिचं स्वतःचं येत नाही.

पिठात खडा निघाला, की मात्र दळलं कुणी ते पंगतीतल्या शेवटच्या पाटापर्यंत कळायचं.